शेवयांच्या टाकीतली मरळ

साहेब, ही सगळी करणी तुमची आहे. तुमचं नाव आणि हुद्दा इथं लिहीत नाही, कारण लिहिला तर "ते माझ्या आधीचे होते" म्हणून तुम्ही मोकळे व्हाल. पण एका भिंतीच्या अलीकडे एक माणूस बसवायचा, पलीकडे दुसरा बसवायचा, दोघांच्या पुढ्यात गावाची तीच घाण सोडायची, आणि मग एकाच्या गळ्यात हार घालून दुसऱ्याकडे बघताना नाकाला रुमाल लावायचा, हा उद्योग तुम्हीच केला. मग अलीकडचा माणूस एका सकाळी बादलीत मासा घेऊन भिंतीपलीकडे निघाला, तर त्याला नोटीस कशाची काढता?

हा अलीकडचा माणूस म्हणजे हणमंतराव. लातूरहून नांदेडला जाताना लागणाऱ्या एका तालुक्याच्या गावात, वस्तीबाहेर ओढ्याच्या काठाला, नगरपालिकेचं सांडपाणी साफ करायचं जुनं केंद्र आहे. तिथं तो बावीस वर्षांपासून ऑपरेटर. गाव मोरीत जे ढकलतं ते पाइपातून त्याच्या तळ्यांत येतं. मोठमोठे पंखे ते घुसळतात, गाळ खाली बसतो, आणि शेवटच्या तळ्यातून हिरवट पाणी ओढ्याला लागतं. त्या शेवटच्या तळ्याच्या काठाला एक कडुलिंब आहे. लिंबाखाली हणमंतरावाची लोखंडी खुर्ची. बावीस वर्षांत त्या खुर्चीपर्यंत एकही साहेब आला नाही. जे आले ते फाटकावरूनच "चालू द्या, चालू द्या" म्हणून परत फिरले.

दीड वर्षापूर्वी शेजारच्या मोकळ्या जागेत भिंत बांधली आणि भिंतीपलीकडे नवा प्लांट उभा राहिला. मेंब्रेनचा. त्याच्या टाकीत पांढऱ्या, बारीक, पोकळ नळ्या हजारोंनी उभ्या टांगलेल्या असतात, काठीवर वाळत घातलेल्या शेवयांसारख्या. नळीच्या अंगाला छिद्रं इतकी बारीक की रोगाचे जंतूसुद्धा आत शिरत नाहीत. टाकीत चहाच्या चोथ्यासारखं काळं पाणी असतं. पंप ते नळीच्या आतून ओढतो, तेव्हा निव्वळ पाणी आत येतं आणि घाण बाहेर राहते. खालून रात्रंदिवस हवेचे बुडबुडे सोडायचे, म्हणजे नळ्या हलत्या राहतात, त्यांच्यावर गाळ बसत नाही. तज्ज्ञांनी त्याला भलंमोठं इंग्रजी नाव दिलं होतं. गावानं नाव ठेवलं शेवयांचा प्लांट.

त्यावर नेमला मल्लिनाथ. हा निलंग्याकडचा. काल-परवापर्यंत पाणीपुरवठ्यात वॉल्व्ह फिरवत होता. पुण्याला पंधरा दिवस ट्रेनिंगला गेला आणि परत आला तो पांढरा कोट घालूनच.

कोटाचं हणमंतरावानं एवढं मनावर घेतलं नाही. त्याला खरी आग लागली ती काचेच्या पेटीनं. मेंब्रेनच्या टाकीवर लोखंडी जाळीचा रस्ता आहे, त्याच्या टोकाला पत्र्याच्या सावलीत मल्लिनाथनं काचेची पेटी मांडली. त्यात गाळलेलं पाणी भरलं आणि लातूरच्या दुकानातून आणलेले सहा केशरी मासे सोडले. बघा, आमच्या पाण्यात मासे जगतात, हे दाखवायला. मग काय, रोज माणूस यायला लागलं. शाळेच्या सहली आल्या, शेजारच्या नगरपालिकांचे सभासद आले, वर्तमानपत्रवाले आले. सगळे हणमंतरावाच्या तळ्यांवरून नाक दाबून जायचे आणि भिंतीपलीकडे गेले की "वा, वा!" करायचे. हणमंतराव लिंबाखाली बसून ते वा-वा मोजायचा.

एक दिवस बचत गटाच्या बायांबरोबर त्याची बायको केवळाबाईसुद्धा जाऊन आली.

"अवो, पानी हाय का काच हाय ती!" भाकर थापता थापता तिचं सुरू झालं. "मल्लिनाथभावजीनं गिलासात धरून दाखवलं. अल्याडचा माणूस पल्याड दिसतोय. आन् ते मासे! शेपट्या कशा, झालरीवानी!"

"माजं तळं बगाया आलीस का गं कदी बावीस वर्सांत?"

"तिथं काय बगायचंय? वास?"

"माज्या तळ्यात बी मासे हाईत."

"असतील की. दिसत्यात कुटं? पानी हिरवंगार." केवळाबाईनं भाकर उलटली. "आपल्या पुनमला फोटो पाठवला मी मुदखेडला, भावजीसंगं मासे बगतानाचा. ती मनली, आई, बाबाला कामून देत न्हाईत गं असलं चांगलं काम?"

हणमंतरावानं ताट सरकवलं.

त्यातच पाहणीची बातमी आली. जिल्ह्यावरून तिघांची समिती येणार, नवा प्लांट तपासणार. पास झाला की गावाचं सगळं पाणी तिकडे वळवायचं, जुनी तळी बुजवून टाकायची. आणि हणमंतरावाला? कोंडवाड्यावर. गावातली मोकाट ढोरं सांभाळायला. मुख्याधिकारी साहेबांनी हे त्याला फोनवर सांगितलं, आणि वर म्हणाले, "मोकळी हवा आहे तिथं, हणमंतराव. तुम्हाला बरं वाटेल."

पाहणीच्या आदल्या दिवशी मल्लिनाथ भिंतीवरून डोकावला.

"अण्णा, उद्या तेवढे तुमचे पंखे दुपारपस्तोर बंद ठेवता का? वास येऊन राहिलाय."

"समिती यायच्या आदीच वास यायला का तिला?"

"समितीचं न्हाई वो. माशांचं म्हणून राहिलो. शहरातले मासे हाईत, त्यांना सवय न्हाई."

भिंतीवरचं डोकं खाली गेलं. हणमंतराव वळला आणि शेवटच्या तळ्याशी गेला.

त्या तळ्यात एक मरळ होती. काळी, ठिपक्यांची, हातभर लांब, सापासारख्या डोक्याची. तीन वर्षांपूर्वी बोटाएवढी असताना बगळ्यानं तिला उचलली होती. हणमंतरावानं दगड मारून बगळ्याच्या चोचीतून सोडवली, तेव्हापासून तिच्या शेपटीला एक खाच होती. दुपारी डब्यातली भाकर कुस्करून टाकली की ती हमखास काठाला यायची. भाकरीवर ती टिकून होती एवढंच. मरळीचा खरा खुराक म्हणजे तिच्यापेक्षा लहान मासा, हे मन्याड नदीच्या काठी लहानाचा मोठा झालेल्या हणमंतरावाला शिकवायची गरज नव्हती.

दुसऱ्या दिवशी सकाळी साडेसातला मल्लिनाथ नेहमीसारखा खाली चाळणीपाशी गेला. घाण पाण्यातले केस, दोरे, चिंध्या चाळणीवर अडकतात, ते रोज काढावे लागतात. नाहीतर केस आत जाऊन शेवयांना गुंडाळतात. या कामाला त्याला अर्धा तास लागायचा. तेवढ्यात हणमंतराव टॉवेलनं झाकलेली बादली घेऊन लोखंडी जिना चढला, पेटीचं झाकण सारलं, मरळ आत सोडली, झाकण लावलं. केशरी मासे नवीन पाहुणीकडे कुतूहलानं आले.

"घ्या, बगा आता मासे," एवढंच तो पुटपुटला आणि आल्या वाटेनं निघून गेला. त्याचा हिशेब साधा होता. समिती येईल, पेटी बघेल, सहा मासे गायब. मल्लिनाथचं नाक कापलं जाईल, आणि नापास प्लांटसाठी कुणी आपली तळी बुजवणार नाही.

मल्लिनाथ सकाळभर खालीच फरशी धुण्यात गुंतला, वर पेटीकडे गेलाच नाही. अकराला समिती आली. पुढे एक मॅडम, मागे फायली धरलेले दोघं, आणि सगळ्यांच्या पुढेमागे मुख्याधिकारी साहेब. हणमंतरावानं भिंतीला शिडी लावलीच होती. वरच्या पायरीवर उभं राहिलं की पलीकडची जाळी पुरती दिसायची आणि बोलणंही ऐकू यायचं.

मॅडमनी दाबाचे काटे पाहिले, हवेचे पंप पाहिले, ग्लासातलं पाणी उन्हाला धरलं. सगळीकडे मान हलवत शेवटी पेटीपाशी आल्या.

"अहवालात सहा शोभेचे मासे लिहिलेत," त्या म्हणाल्या.

मल्लिनाथनं पेटीत बघितलं आणि त्याचं तोंड कोटापेक्षा पांढरं झालं. पेटीत एकच मासा होता. काळा, हातभर, पोट टम्म फुगलेलं. तोंडाच्या कडेला केशरी झालरीचा एक तुकडा लोंबत होता.

"मोठे... मोठे झाले, मॅडम."

"सहांचा एक?"

मुख्याधिकारी साहेब चपळाईनं मधे आले. "विलीनीकरण, मॅडम."

शिडीवर हणमंतरावानं तोंडात टॉवेल कोंबला. आता! आता मल्लिनाथ गेला!

पण मॅडम पेटीपुढे खाली बसल्या. चष्मा सारखा करून बघतच राहिल्या.

"अहो, ही तर मरळ! आपली गावठी. मी इतके प्लांट फिरले, जिथं जावं तिथं तेच बाजारातले रंगीत मासे. आपल्या ओढ्यातला मासा ठेवायचं कुणालाच सुचलं नाही. आणि तब्येत बघा हिची! किती जिवापाड सांभाळलंय. लिहून घ्या. ऑपरेटरचं नाव काय?"

"म... मल्लिनाथ."

"मल्लिनाथ, या इकडे. पेटीला हात लावून उभे राहा. फोटो घ्या रे."

मल्लिनाथ उभा राहिला. काही कळत नसताना माणूस जसा हसतो, तसा तो हसला. आणि शिडीवर हणमंतरावाच्या पोटात अशी आग उठली की कोंडवाडा, नोटीस, नोकरी, सगळं त्यात जळून गेलं. तीन वर्षं भाकरी कुणी घातली? बगळ्याच्या तोंडातून कुणी सोडवली? आणि फोटो कुणाचा!

तो भिंतीवर चढला, पलीकडे उडी टाकली आणि धाडधाड जिना चढून वर आला.

"थांबा! ती मरळ माजी हाय!"

"हे कोण?"

"जुन्या प्लांटचे आहेत, मॅडम. दुर्लक्ष करा," मुख्याधिकारी साहेब म्हणाले.

"बावीस वर्सं झाली, दुर्लक्षच करून राहिलाव! मॅडम, सकाळी साडेसातला मी सोडलीय ती. ह्याचे साही मासे खाल्ले तिनं. तिला मी वाढवलंय, माज्या तळ्यात!"

"अण्णा, तुमी?" मल्लिनाथचा आवाज चिरकला. "माजे मासे खाऊ घातले?"

"मंग? तुजं नाव लिवून घेऊन राहिलेत, फोटो काढून राहिलेत, मी बगत बसू? तुज्या पान्यात खायाला काय हाय का? तुज्या पान्यात डास बी उपाशी मरंल!"

"चोरून दुसऱ्याच्या प्लांटवर यायचं, वर तोंड करून..."

"पुरावा काय?" मॅडमनी विचारलं. त्या रागावल्या नव्हत्या, त्यांना मजा वाटत होती, आणि हेच मुख्याधिकारी साहेबांना जास्त भीतीदायक वाटत होतं.

"शेपटीला खाच हाय. बगळ्याची. दाखवतो की!" हणमंतरावानं झाकण सारलं आणि पेटीत दोन्ही हात घातले.

सहा मासे पोटात असलेली मरळ सुस्त असेल असा त्याचा अंदाज होता. अंदाज चुकला. ती कमानीसारखी वाकली आणि सुटली. मॅडमच्या फायलीवर आपटली, तिथून जाळीवर पडली, जाळीवरून सापासारखी सरपटत कठड्याखाली गेली, आणि सगळ्यांच्या देखत काळ्या पाण्यात, शेवयांच्या टाकीत, डुबकन गेली.



"शेवया!" मल्लिनाथ किंचाळला. "तुटतील की वो! एक जरी तुटली तर काळं पानी सरळ चांगल्या पान्यात!" आणि त्यानं पळत जाऊन ओढणारा पंप बंद केला.

"टाकी रिकामी करा," मुख्याधिकारी साहेबांनी हुकूम सोडला.

"साहेब, सांज होईल."

"मग तोवर गावाचं पाणी थांबवा!"

"कसं थांबवू? घरोघरी जाऊन सांगू का, आज मोरीवर बसू नका म्हणून?"

पंप बंद, पण गाव कुठे बंद होतं! दुपारच्या स्वयंपाकाची, धुण्याभांड्याची वेळ. गावाचं पाणी आधी जमा होतं त्या खालच्या हौदात ते हात हात वर चढायला लागलं. वास सुटला. ज्या वासासाठी दीड वर्ष जुन्या तळ्यांकडे बोट दाखवलं जात होतं, तो आता नव्या प्लांटातच उभा राहिला. फायलीवाल्यांनी रुमाल काढले. मुख्याधिकारी साहेबांनी खिसे चाचपले आणि आपला रुमाल आज घरी राहिला हे त्यांच्या लक्षात आलं.

"हौद भरला तर पाणी जाणार कुठं?" मॅडमनी विचारलं.

"रस्त्यावर," मल्लिनाथ म्हणाला.

एकेक करत सगळ्यांची तोंडं हणमंतरावाकडे वळली. त्यानं उगीचच टॉवेल झटकला, खांद्यावर टाकला. बावीस वर्षांत पहिल्यांदा त्याच्या उत्तराची कुणी तरी वाट बघत होतं. घाई कशाला करायची?

"माज्याकडं सोडा," तो शेवटी म्हणाला. "हौदाचं गेट उघडा. माजी तळी घेतेत. पंखे आज दुपारपस्तोर बंद ठेवा म्हणत व्हता हा. म्या ठेवले न्हाईत मनून बरं झालं."

गेट उघडलं. गावाचं पाणी जुन्या वाटेनं जुन्या तळ्यांकडे धो-धो निघालं. हौद उतरायला लागला.

"आन् आता ती हवा बंद करा," हणमंतराव म्हणाला.

"येडे झालाव का अण्णा? हवा बंद केली तर टाकीतले जंतू मरतेत! तेच तर घाण खातेत!"

"तासा-दोन तासांत मरत न्हाईत रे. माज्याकडं लाइट गेल्यावर दिवसदिवस जगत्यात. मरळीला दम घ्याया वर यावंच लागतंय, माणसावानी. बुडबुडे असले तर कुटं आली ते दिसायचं न्हाई. बंद कर आन् गप बस."

हवा बंद झाली. काळं पाणी निवलं. हणमंतरावानं सळईचं कडं करून त्याला बारदान शिवलं आणि जाळीवर पालथा पडून राहिला. शेजारी मल्लिनाथ, कोटाला काळे डाग पडलेला. मॅडम सावलीत खुर्ची घेऊन बसल्या, त्यांना जायची घाई दिसत नव्हती. मरळ दोनदा वर आली आणि दोन्ही वेळा बारदानाच्या हातभर पलीकडे. मधे नुसती वाट बघणं.

"तुमचं बरंय अण्णा," मल्लिनाथ हळूच म्हणाला.

"काय बरंय? कोंडवाड्याला चाललोय मी."

"तसं न्हाई. तुमच्याकडं कुनी येत न्हाई. लिंबाखाली बसताव, डबा खाताव, मासे बगताव. मला दीड वर्सांत एक घास सुखानं खाता आला न्हाई. रोज कोन तरी येतंय. दाब बगा, नळ्या क्लोरीननं धुवा, केस काढा, आन् वर हसत उबा ऱ्हावा. मी भिंतीवरून डोकावतो ते काय वासासाठी? तुमची खुर्ची बगाया डोकावतो."

हणमंतरावानं मान वळवून त्याच्याकडे बघितलं. दीड वर्ष हा माणूस आपल्यावर जळत होता! त्याला इतकं बरं वाटलं की तो जवळजवळ हसलाच. तेवढ्यात नळ्यांच्या दोन रांगांमधे पाण्याला वळी पडली, काळं तोंड वर आलं, आणि बारदानात गेलं.

एकही शेवई तुटली नव्हती. मल्लिनाथनं दोनदा तपासून सांगितलं. मॅडमनी मरळीच्या शेपटीची खाच बघितली, हणमंतरावाचं नाव आधीच्या नावाखाली लिहून घेतलं, आणि तळ्यावर जाऊन, रुमाल न लावता, मरळ सोडताना बघून आल्या. जाताना म्हणाल्या, "नव्या प्लांटला जुन्याचा आधार पाहिजेच. तळी बुजवू नका."

हणमंतराव घरी गेला तो दोन भाकरी जास्तीच्या खाऊनच उठला. पुनमला त्यानं स्वतः फोन केला. चार दिवस तो भिंतीकडे फिरकलासुद्धा नाही, शिडी काढून ठेवली.

पाचव्या दिवशी नोटीस आली: परवानगीशिवाय शासकीय तळ्यात मासा का वाढवला, तीन दिवसांत खुलासा करा. आणि नोटिशीला टाचलेला हुकूम. समितीनं जुन्या केंद्राचं महत्त्व दाखवून दिल्यामुळे तिथं यापुढे प्रशिक्षित माणूस असणं गरजेचं आहे, सबब श्री. मल्लिनाथ यांची नेमणूक जुन्या केंद्रावर करण्यात येत आहे. श्री. हणमंतराव यांना मेंब्रेनच्या टाकीत काम करण्याचा प्रत्यक्ष अनुभव असल्याने त्यांनी नव्या केंद्राचा ताबा घ्यावा.

हणमंतराव हुकूम घेऊन धावत मुख्याधिकारी साहेबांकडे गेला.

"साहेब, हे काय केलं? तिकडं मल्लिनाथ मजी... माजी खुर्ची, माजी मरळ..."

"हणमंतराव, कमाल करता! नवा प्लांट तुम्हाला पाहिजे होता ना? त्याच्यासाठीच सगळा तमाशा केला ना?"

"पायजे व्हता की, साहेब," हणमंतराव रडवेला होऊन म्हणाला. "पर तिथं मल्लिनाथ असताना पायजे व्हता!"

साहेबांनी घंटी वाजवली. भेट संपली.

आज हणमंतराव पांढऱ्या कोटात उभा असतो. कोट त्याला दंडात दाटतो. तो काटे वाचतो, केस काढतो, आलेल्या पाहुण्यांपुढे हसतो. आणि मल्लिनाथ लिंबाखाली बसून डब्यातली भाकर कुस्करून मरळीला टाकतो. ती काठाला येते. तिला हात कुणाचा याचं काही नाही.

म्हणून विचारतो, साहेब. बावीस वर्षं ज्याच्या खुर्चीपर्यंत तुम्ही आला नाहीत, त्याची ती खुर्ची काढून घ्यायला तुम्हाला एकाच कागदात कसं जमलं? तळ्यावरच्या नव्या पाटीवर मरळीचा फोटो आहे आणि खाली "संगोपन : मल्लिनाथ" असं रंगवलंय, ते कुणाच्या हुकमानं? कर्मचाऱ्याकडून खुलासा तुम्ही तीन दिवसांत मागता, आम्ही तुम्हाला सात देतो. लेखी द्या, सहीनिशी द्या, आणि पहिल्या ओळीत एवढंच लिहा : ती मरळ कुणाची?